न फुललेला डिंक

त्या वर्षी माझं आणि रामाचं बोलणं बंद होतं. बंद मीच केलं होतं. तिकडून काही तक्रार आल्याचं मला आठवत नाही. एरवी आमच्या घरात संध्याकाळचा दिवा आणि स्तोत्र हे माझ्याकडचं काम. वडील गेल्यापासून मीच ते करत आलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यात भक्तीपेक्षा शिस्तच जास्त होती. मी नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि दरवर्षी सगळ्या शाळेचं वेळापत्रकही बसवायचो. हे काम माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमणार नाही, अशी माझी ठाम समजूत होती. घरातही तेच. सायकलीत हवा कोणत्या वारी भरायची, पलंगावरची चादर कधी बदलायची, देवासमोर किती वाजता बसायचं, सगळं ठरलेलं. अशा माणसाच्या पोटात परमेश्वरानं नेमकं कोणाचंच न ऐकणारं आतडं घालावं, यावरून त्यालाही विनोदाचं अंग असावं असं मला आता वाटतं. तेव्हा मुळीच वाटत नव्हतं.

सुरुवात साधी होती. सगळे म्हणाले, आव पडली आहे. आमच्या नागपुरात पोट बिघडलं असं नुसतं म्हणायचा अवकाश, समोरचा माणूस वैद्य होतो. मी बेलाचा मुरंबा खाल्ला, कुड्याच्या सालीचा काढा प्यालो, इसबगोल तर इतकं गिळलं की त्याचं शेत झालं असतं. सावनेरच्या एका सहकाऱ्यानं सासूबाईंच्या हातचं चूर्ण आणून दिलं, तेही घेतलं. काही दिवस बरं वाटायचं, पुन्हा रक्त पडायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. वर्गात मी खुर्ची दाराजवळ ओढून घेतली होती. पोरांना उदाहरणं घालायची आणि पळत सुटायचं. माझ्या त्या पळण्याला पोरांनी एक नाव ठेवलं होतं. नाव चपखल होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. अंगावरचा सदरा हळूहळू कोणा दुसऱ्याचा वाटायला लागला.

मग एका नवरात्रात पोट नगाऱ्यासारखं फुगलं, ताप चढला आणि मला दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथल्या सर्जनसाहेबांनी माझ्या पत्नीला, सुमनला, बाजूला न नेता माझ्यासमोरच सगळं सांगितलं, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडले होते आणि आता ते फुटायच्या बेतात होतं. ते सगळंच्या सगळं काढावं लागणार होतं. लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या अंगाला बाहेर काढून तिथेच त्याचं तोंड करायचं, त्यावर पिशवी लावायची, आणि ती जन्मभराची. मी विचारलं, नाही केलं तर? ते म्हणाले, मग जन्मभराची लागणार नाही. उत्तर मला गणितासारखं वाटलं. मी सही केली.

रामटेकहून ताई आली ती अशा वेळी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर रामटेकचं, घरी धानाची शेती, आणि घर रामाच्या गडाच्या पायथ्याशी. त्यामुळे राम हा तिला शेजारी असल्यासारखा. त्याच्याशी ती भांडते, त्याला टोमणे मारते, आणि अडलं की हक्कानं मागते. मला आत नेत असताना तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मला न विचारता माझ्याच पायांच्या भरवशावर नवस बोलून टाकला, की हा बरा झाला की स्वतःच्या पायानं गड चढेल आणि तुझ्यासमोर दिवा लावेल. शुद्धीवर आल्यावर मला हे कळलं तेव्हा पहिला विचार आला तो हा, की हिनं वेळापत्रकात परस्पर एक तास घातला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. ताप गेला, रक्त थांबलं, कित्येक वर्षांनी मला झोप लागली. म्हणजे आजार गेला. पण आजाराच्या जागी जे आलं, त्याच्याशी माझं जमेना. पोटावर ते लालसर तोंड, त्यावर रबरी कड्याची पिशवी, ती धरून ठेवायला कमरेला पट्टा. सर्जनसाहेब म्हणाले होते, या दाराला कडी नाही. ते कधी वाहील आणि कधी आवाज करील हे तुमच्या हातात राहणार नाही. कडी नाही हे मी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ घरी आल्यावर कळला. मी कोणाशी गंभीरपणे बोलत असलो की नेमकं तेव्हाच ते आवाज करायचं. पण खरा छळ वेगळाच होता. लहान आतड्यातून जे येतं त्यात अन्न पचवणारे रस असतात, आणि त्यांना अन्न कोणतं आणि माझी कातडी कोणती यातला फरक कळत नाही. पिशवीच्या कड्याखालून ते झिरपायचं आणि आजूबाजूची कातडी पोळल्यासारखी सोलून निघायची. ओल्या कातडीवर कडं टिकत नव्हतं, कडं टिकत नाही म्हणून कातडी आणखी सोलायची. पांढरा मलम लावला तर कडं त्यावरून घसरायचं. सुमन दिवसभर धोतरं धुवायची आणि मी पाठीवर पडून छताकडे पाहायचो.

सर्जनसाहेब दर खेपेला जखम स्वतः पुसून पाहायचे. एकदा म्हणाले, परदेशात मी पाहिलं आहे, तिथे एका झाडाच्या डिंकाची भुकटी मिळते, कराया म्हणतात तिला. कातडीवर भुरभुरली की ओलाव्यानं फुगते आणि कातडीवर दुसरी कातडी बसल्यासारखी बसते. तिथल्या मित्राला त्यांनी कळवलं होतं, पण अजून काही आलं नव्हतं. सुमन सीताबर्डीवरच्या सगळ्या औषधांच्या दुकानांतून हिंडली. कराया हे नाव ऐकून एकानं तिच्यापुढे तान्ह्या मुलांची पावडर ठेवली. शेवटी साहेबांनी स्पष्टच सांगितलं, की कातडी अशीच राहिली तर हे तोंड दुसऱ्या बाजूला न्यावं लागेल, म्हणजे पुन्हा पोट उघडायचं, आणि तेवढं सोसण्याइतका जीव सध्या तुमच्यात नाही. म्हणजे कातडी बरी व्हायला हवी होती, आणि ती होत नव्हती. सगळं त्यावर येऊन थांबलं होतं.

मी देवघरात जाणं सोडलं ते याच दिवसांत. मला कोणी मनाई केली नव्हती. मनाई करणारा मीच, पाळणाराही मीच. ज्याच्या अंगावर चोवीस तास घाण बांधलेली आहे त्यानं देवापुढे बसू नये, असा नियम मी काढला. त्यात शुचितेपेक्षा रागच अधिक होता. वडिलांपासूनचं स्तोत्र इतकी वर्षं चुकवलं नाही, त्याचं हे फळ, असा तो हिशोब. मी उंबऱ्याबाहेरून हात जोडायचो आणि तेही पुढे सोडून दिलं. दिवा सुमन लावायची. ताईला हे कळलं तेव्हा ती माझ्या पलंगाशी येऊन बसली आणि नवसाचं काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, तो फेडला जाणार नाही, ही पिशवी घेऊन मी गाभाऱ्यात जायचा नाही. ताईनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली.

"काहून गा? पोटात घेऊनच तर सारे जातेत देवळात. तुयं बाहेर आहे एवढंच. रामाले का आतलं दिसत नाही?"

गणिताच्या मास्तराला उत्तर सुचलं नाही की तो उदाहरणच चुकीचं आहे असं म्हणतो, तसं मनातल्या मनात म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मार्गशीर्षात ताई पुन्हा आली ती डिंकाच्या लाडवांचा बेत घेऊन. आमच्या घरची ही रीतच. बाळंतीण असो की आजारातून उठलेला माणूस, डिंकाचे लाडू खाल्ल्याशिवाय तो बरा झाला असं आमच्याकडे धरत नाहीत. डॉक्टर अर्धंच काम करतात, उरलेलं लाडू करतो, असं ताईचं मत. रामटेकचा तिचा नेहमीचा वाणी ती निघाली त्या दिवशी कोणाच्या लग्नाला गेला होता, दुकान बंद. बस निघायची वेळ झालेली. गडाच्या पहिल्या पायरीशी एक बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीत चारोळी, हिरडे, बेहडे आणि फिकट रंगाच्या डिंकाचे मोठाले खडे. ताईनं तिला कधी पाहिलेली नव्हती. बाईनं विचारलं कोणासाठी, ताईनं सांगितलं भावासाठी, पोट कापलं त्याचं. "पोटाले चांगला आहे, घेऊन जाय," एवढं म्हणून बाईनं सगळा डिंक ताईच्या पदरात ओतला. डिंक घेताना बोटानं मोडून, तोंडात टाकून पाहणारी आमची ताई. पण त्या दिवशी बस सुटेल म्हणून तिनं पदराची गाठ मारली आणि धावली. आयुष्यात पहिल्यांदा न पारखता काही घेतलं, असं ती आजही सांगते.

आमच्याच स्वयंपाकघरात तिनं कढई चढवली. चांगला डिंक गरम तुपात पडला की लाहीसारखा टरारून फुलतो. त्याचा तो आवाज मी पलंगावरून ओळखतो. आवाज येईना. थोड्या वेळानं जळकट वास आला आणि त्यापाठोपाठ ताईचा आवाज. त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार होऊन मग तिची गाडी माझ्यावर घसरली, की याच्याच पायगुणानं डिंकही फुलत नाही. सुमननं आता राहू द्या म्हटलं तरी ऐकेना. घातलेलं खोबरं, खारका, तूप वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून तिनं ते दगडासारखे खडे कुटून कसेबसे लाडू वळलेच. मी अर्धा लाडू दाताखाली धरून पाहिला. दात शाबूत राहिला हीच त्या दिवसाची पहिली कृपा. कढईला चिकटलेला डिंक सुटेना म्हणून सुमननं तिच्यात पाणी ओतून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. कढईतलं पाणी तोवर पाणी उरलंच नव्हतं, त्याची घट्ट खळ झाली होती आणि तिला आंबूस वास येत होता. सुमन नाक मुरडून म्हणाली, बरं झालं हे पोटात नाही गेलं. ताई मात्र लाडवांचा डबा घेऊनच निघाली. डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जाणं तिला माहीत नाही. तपासणी झाली, साहेब कागदावर लिहायला वळले, आणि तेवढ्यात ताईनं डबा उघडून पुढे केला. सज्जन माणूस, त्यांनी लाडू उचलला, चावला, मग काढून हातात धरला आणि विचारलं, यात काय काय घातलंय? ताईचा चेहरा पडला. रामटेकची माणसं अशी नसतात, एक बाई भेटली आणि तिनं फसवलं, असं सांगत तिनं पुरावा म्हणून पदराच्या गाठीतून एक खडा काढून टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो खडा उजेडात धरला, हुंगला. मग बोट ओलं करून त्यावर घासलं आणि बराच वेळ ते बोट आणि अंगठा एकमेकांपासून सोडवत बसले.

"हा पाण्यात टाकला होता का?"

सुमननं कढईची गोष्ट सांगितली, आंबूस वासासकट. साहेब खुर्चीत मागे टेकले आणि हसायला लागले. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"ताई, हा यांना खाऊ घालू नका," ते म्हणाले. "हा यांना लावा."

तो कराया होता. ज्याचा डबा साता समुद्रापलीकडून यायचा होता, तो आमच्याच रानातल्या कुलूच्या झाडाचा डिंक. तरी साहेबांनी घाई केली नाही. औषधं बनवायचं शास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राकडून त्यांनी खडा तपासून घेतला आणि तोच आहे याची खात्री करून घेतली. त्यांनी हेही सांगितलं, की लाडवातलं खोबरं आणि खारका माझ्या पोटावरच्या त्या लहानग्या तोंडात अडकून बसल्या असत्या, तेव्हा लाडू बिघडले ते बरंच झालं. ताईला हे शेवटचं वाक्य आवडलं नाही. आपल्या हातचा लाडू बिघडणं कोणाच्या भल्याचं असू शकतं, हे पटायला तिला पुढे बरेच दिवस लागले.

मग घरात नवा उद्योग सुरू झाला. उरलेले खडे निवडायचे, उन्हात वाळवायचे, खलबत्त्यात कुटायचे, मलमलीतून गाळायचे. ताई मुक्काम वाढवून कुटत बसली. पहिल्यांदा ती भुकटी सोललेल्या कातडीवर पडली तेव्हा क्षणभर झोंबलं आणि मग जो थंडावा वाटला, त्याला माझ्याकडे शब्द नाही. भुकटी ओलाव्यानं फुगली, तिची पातळ लुसलुशीत चकती झाली आणि कडं तिच्यावर बसलं ते बसलंच. सकाळी आंघोळीनंतर लावलेली पिशवी दिवेलागणीपर्यंत जागची हलली नाही. सुमन पुन्हा पुन्हा येऊन पाहायची आणि परत कामाला जायची. त्या संध्याकाळी दोरीवर एकही धोतर वाळत नव्हतं. रिकामी दोरी पाहून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. हळूहळू कातडी कोरडी झाली, लाल होती ती गुलाबी झाली, आणि एक दिवस साहेबांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विषयच काढला नाही.

ताईनं रामटेकला जाऊन त्या बाईला शोधलं. आधी भांडायला जाणार होती, आता लुगडं घेऊन गेली. पायरीशी बसणाऱ्या इतर बायांनी सांगितलं, अशी कोणी इथे बसत नाही. कुलूचा डिंक रानातून सरळ ठेकेदाराकडे जातो, चारोळीच्या टोपलीत तो कोणी विकायला आणत नाही, कारण इथे तो घेणार कोण? ताईचं उत्तर तयार आहे, ती कोण होती हे तिनं कधीच ठरवून टाकलंय. मी गणिताचा मास्तर. असेल एखादी रानातली बाई, नवखी, चुकून आणला असेल, असं मला म्हणता येतं. फक्त एवढंच म्हणतो, की याला योगायोग म्हणायचं तर म्हणावं, पण मग त्या योगायोगालाही हात जोडावे लागतात. वाणी लग्नाला गेला, बस सुटत होती, ताईनं पारख केली नाही. माझ्या हातात वेळापत्रक असतं तर या तिन्ही चुका मी आधीच दुरुस्त करून ठेवल्या असत्या.

माघात आम्ही गड चढलो. यात्रेची गर्दी टाळून साधाच दिवस धरला होता. मी प्रत्येक वळणावर बसत होतो, ताई प्रत्येक वेळी पुढे जाऊन परत येत होती, सुमन दिव्याचं तूप सांभाळत होती. पायऱ्यांवर वानरं. हातात दिसेल ती पिशवी ती हिसकावतात, म्हणून ताईनं आपली पिशवी पदराखाली घेतली. मीही सदरा नीट खाली ओढला. माझी पिशवी कोणी हिसकावलीच तर त्या वानराचं पुढे काय होईल, या विचारानं मला एकदम हसू फुटलं, आणि सुमनला सांगितल्यावर ती भर पायरीवर पदर तोंडाला लावून बसली. आजारपणानंतर आम्ही दोघं एकत्र हसलो ते तिथे.

आम्ही गाभाऱ्यासमोर पोचलो. मी दिवा लावला. पाठ असलेलं स्तोत्र ओठांवर येईना. नुकतीच आरती संपलेली, घंटा थांबलेली, सगळे डोळे मिटून उभे. आणि नेमक्या त्या शांततेत माझ्या पोटानं आवाज केला. लांबलचक, चढत जाणारा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. इतके महिने ज्याची भीती घेऊन मी घरात बसलो होतो ते झालं, तेही रामासमोर. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे उघडून पाहिलं, आणि पाहिलं ते ताईकडे.

"मायाकडे काय पाहून राहिले, बाबा?" ताई शांतपणे म्हणाली. "भाऊ आहे माया. मरता मरता वाचला. त्याचं पोट आहे, रामाशी बोलून राहिलं."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून हात जोडले. मी मान खाली घातली, कान तापले होते. ताई माझ्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बोलू दे गा त्याले. तू तर इतके दिवस बोलला नाही, ते तरी बोललं."

मग मला रडू आलं, आणि रडता रडता स्तोत्राची पहिली ओळही आली. रामाच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली नाही. तो होता तसाच उभा होता, जसा मी रुसलो होतो तेव्हाही असणार. इतकी वर्षं मी ठरवलेल्या वेळी, ठरवलेल्या आसनावर, माझं मी ठरवलेलं तेवढंच त्याच्यापुढे नेत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा जे माझ्या ताब्यात नाही तेही बरोबर नेलं होतं, आणि ते त्यानं ऐकून घेतलं. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं देवापुढे ठेवणं, असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत ते एवढंच निघालं, की कडी नसलेलं दार घेऊन त्याच्यापुढे उभं राहायचं आणि कडीची काळजी सोडायची.

शाळेत मी परत गेलो. वेळापत्रक आता एक तरुण मास्तर बसवतात. त्यात चुका असतात, तरी शाळा चालते. डिंक ताई रामटेकहून पाठवते, ठेकेदाराच्या माणसाशी तिनं संधान बांधलं आहे, आणि हल्ली ती प्रत्येक खेपेचा एक खडा तुपात टाकून पाहते. फुलला नाही की खूश होते. ही गोष्ट घरात मीच सांगतो, आणि दर वेळी ती मध्ये तोंड घालून सांगते की लाडू इतके काही कडक नव्हते. भुकटीचा डबा देवघरात, दिव्याच्या तेलाशेजारी असतो. संध्याकाळी मी तिथे बसतो. स्तोत्र चालू असताना मध्येच पोट बोललं तर मी थांबतो, त्याचं पुरतं होऊ देतो, आणि मग पुढची ओळ घेतो.